गाडगेबाबा : आपलं सोसावं, दुसऱ्याचं निवारावं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या निमित्तानं स्मरणिकेत ज्ञानोबा माउलींवर, तुकोबारायांवर, नाथमहाराजांवर जाणकार मंडळी लिहितीलच. मी मात्र अशा एका माणसाचं चरित्र सांगणार आहे, ज्यानं कधी फड चालवला नाही, कुणाला शिष्य केलं नाही, पंढरपुरात येऊनही जो राउळाच्या रांगेत उभा राहिला नाही. तरीही तुमच्याआमच्यासारख्या वाटेवरच्या माणसाची काळजी त्याच्याइतकी क्वचितच कुणी वाहिली असेल. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

त्यांचंच चरित्र का? तर वारीत आपल्याला एक गोष्ट दरवर्षी दिसते. घरी नळाला पाणी आलं नाही तर दिवसभर कुरकुर करणारा माणूस वारीत टँकरच्या रांगेत तासभर हसत उभा राहतो. घरी गादीवर झोप न येणारा राहुटीत ओल्या सतरंजीवर घोरतो. पायाला फोड आले, दिवे घाटात पावसानं झोडपलं, भाकरी गार मिळाली, तरी त्याला कुणी कष्ट म्हणत नाही. समोर पांडुरंग आहे, म्हणून कष्टाचं ओझं वाटत नाही. पण द्वादशी झाली, माणूस एस.टी.त बसला, की चार दिवसांत कुरकुर परत सुरू! वारीत येणारी ही वृत्ती गाडगेबाबांनी वर्षातले बाराही महिने, तब्बल ५१ वर्षं सांभाळली. ती कशी सांभाळली, हे पाहण्यासारखं आहे.

दापुऱ्याचा डेबू

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घराणं परिटाचं. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. मुलाचं नाव डेबूजी. घरात दारू शिरलेली होती. त्या दारूनंच झिंगराजींचा घास घेतला. डेबू तेव्हा अगदी लहान होता. सखुबाई पोराला पोटाशी धरून मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आल्या.

आजोळी डेबू गुरं राखायला लागला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पण पोर मेहनती. नांगरणी, पेरणी, मोट, सगळ्यात हात बसला. पूर्णेच्या पात्रात पट्टीचा पोहणारा आणि रात्री भजनात गळा मोकळा सोडणारा. गावाला त्याचं कौतुक होतं.

घराचं मात्र भलतंच झालं. मामांनी सावकाराकडून कर्ज काढलं होतं. लिहितावाचता येत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं, फक्त अंगठा उठवायचा. व्याज फुगत गेलं आणि कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा खचले आणि त्यातच गेले. पुढं सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा हाच डेबू त्याच्यापुढं छाती काढून उभा राहिला. हे ध्यानात ठेवा माउली. सोसणं म्हणजे मान खाली घालणं, असं या माणसानं कधीच मानलं नाही.

दोन घाव बालपणीच बसले, एक दारूचा आणि दुसरा निरक्षरतेचा. अशा घावांनी माणूस एक तर कडवट होतो, नाहीतर नशिबाला बोल लावत बसतो. डेबूनं दोन्ही केलं नाही. आपल्याला जे भोगावं लागलं ते दुसऱ्याच्या पोराला भोगावं लागू नये, असं त्याच्या मनानं घेतलं. पुढच्या साऱ्या आयुष्याचं बी इथंच पडलं.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव अलोका. त्या काळी बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत होती. डेबूनं सरळ गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण तो बदलला नाही. समाजाचा रोष पत्करायची ही त्याची पहिली तालीम म्हणायची.

खापर आणि खराटा

ऋणमोचन हे पूर्णेकाठचं तीर्थ. पौषातल्या रविवारी तिथं जत्रा भरते. काठ उंच आणि निसरडा होता. म्हातारी माणसं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया उतरताना घसरायच्या. लोक म्हणायचे, तीर्थाला आलं म्हणजे एवढं सोसायचंच! डेबूला ते पटत नव्हतं. देवाच्या वाटेवर माणसाचं हाडं मोडून घेणं यात पुण्य कसलं? तो माती ओढून, पायऱ्या खणून वाट सोपी करायच्या मागे लागला. १९०८ साली याच पूर्णेवर घाट बांधून झाला.

त्याआधी, १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, डेबूजीनं घर सोडलं होतं. वय २८. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि मडक्याचा एक तुकडा. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. बारा वर्षं हा माणूस गावोगाव हिंडला. कुठं लोक त्याला चिंधेबुवा म्हणत, कुठं गोधडेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकलं.

इथं एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. बाबांनी कष्टाची वाट स्वतः निवडली, पण घरी राहिलेल्या सखुबाईंनी आणि कुंताबाईंनी ती निवडली नव्हती. ती त्यांच्यावर येऊन पडली. पुढं बाबांच्या नावानं लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हासुद्धा कुंताबाई ऋणमोचनला साध्या झोपडीत राहिल्या. धर्मशाळेच्या अन्नावर आपल्या घरच्यांचा हक्क नाही, असा बाबांचा कडक दंडक होता. बाबांचं चरित्र सांगताना खराट्याला नमस्कार करायचा आणि त्या माउलीला विसरायचं, हे योग्य नाही. या थोर कामाच्या पायात तिच्या कष्टाचेही दगड आहेत.

बाबांचा दिवस कसा असायचा? गावात शिरले की आधी खराटा हातात. वेशीपासून झाडायला सुरुवात. गटारं मोकळी करायची, उकिरडा ओढायचा. पोरं वेडा म्हणून मागं लागायची, कुत्री भुंकायची, कुणी हाकलून द्यायचं. कुणाच्या दारात लाकडं फोडून द्यायची आणि मग भाकरी मागायची. फुकटची भाकरी नको. मिळाली ती शिळी असो, कोरडी असो, गाडग्यात घेऊन झाडाखाली बसून खायची. कुणी आदरानं पाटावर बसवायला लागलं, की तिथून पाय काढायचा.

लोकांनी केलेला अपमान त्यांनी कसा पचवला, हे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ते अपमानाकडं बघतच नसत, त्यांचं लक्ष गटाराकडं असे. गटार तुंबलंय, ते संध्याकाळपर्यंत मोकळं व्हायला हवं. मग दारातला माणूस शिवी देतो की पाणी देतो, याचा हिशेब कशाला? काम समोर असलं की दुःख मोजायला सवड राहत नाही. वारीत आपल्याला नेमकं हेच होतं ना?

दिवसभर गाव झाडलं की रात्री कीर्तन. भाषा वऱ्हाडी, अगदी बांधावरची. बाबा लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तरं देत आणि बोलता बोलता आपल्याच उत्तरात सापडत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढं मुकी जनावरं कापू नका, दारूला शिवू नका, शिवाशिव पाळू नका. घरातली भांडी विकायची वेळ आली तरी चालेल, पण पोरांना शाळेत घाला. बापाची दारू आणि मामाचा अंगठा, दोन्हींची शिकवण त्या कीर्तनात होती. पण स्वतःच्या दुःखाचं रडगाणं म्हणून नाही. लोक पोट धरून हसत, आणि घरी जाताना विचार करत जात.

पंढरपूरची धर्मशाळा

आता आपल्या पंढरपुराकडं येऊ. आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरीत येत. वाळवंट झाडत, वारकऱ्यांनी केलेली घाण उचलत आणि रात्री कीर्तन करत. देवळात जात नसत. त्यांना देव नको होता असं नाही. त्यांचा देव वाळवंटातच उघड्यावर कुडकुडत पडलेला होता.

तो काळ कसा होता? पंढरपुरात मठ होते, वाडे होते, जातीजातीच्या धर्मशाळा होत्या. पण ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या वारकऱ्यांना कुठंच थारा नव्हता. तेही आपल्यासारखेच पायी आलेले, गळ्यात तुळशीची माळ, मुखी विठ्ठल. पण देऊळ बंद आणि धर्मशाळाही बंद. पाऊस आला तर लेकराबाळांसह भिजायचं. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, आणि चोखोबांची लेकरं सहाशे वर्षांनंतरही बाहेरच!

अशा वेळी सोपा उपदेश काय असतो? देवाच्या दारी सोसावं, त्यातच गोडी मानावी. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या, गाडग्यात खाणाऱ्या बाबांना असा उपदेश करायचा अधिकार कुणाहीपेक्षा जास्त होता. पण तो त्यांनी केला नाही. त्यांनी धर्मशाळा बांधायला घेतली. १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली.

बाबांचा सगळा मोठेपणा मला इथं दिसतो. स्वतःच्या वाट्याला आलेला त्रास त्यांनी हसून घेतला. दुसऱ्याच्या वाट्याचा त्रास मात्र त्यांना बघवला नाही. आपण पुष्कळदा याच्या उलटं करतो. आपलं बोट दुखलं की गाव गोळा करतो, आणि शेजाऱ्याचा पाय मोडला तर त्याला प्रारब्ध समजावतो.

धर्मशाळा बांधायला लागणारा पैसा कुठून आला? बाबांच्या गाठीला एक पैसा नव्हता. कीर्तन ऐकून लोक द्यायचे. गरीब आणा देई, श्रीमंत हजार देई. बाबा स्वतःसाठी काहीच ठेवत नसत. ते स्वतः दगडमाती वाहत. इमारत पुरी झाली की तिच्यात झोपायचेही नाहीत. आतल्या खोल्या वारकऱ्यांच्या, बाबा बाहेर झाडाखाली.

एकामागून एक कामं उभी राहिली. पंढरपुरात मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा. आळंदी, देहू, नाशिक इथंही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण. कुठं सदावर्त, कुठं शाळा. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याच्या नावानं कऱ्हाडला १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं कॉलेज काढलं. त्याच साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा झाली. खेड्यातनं आलेला माणूस आत उपचार घेतो आणि त्याच्या सोबत आलेली बायको, आई फुटपाथवर रात्र काढते, हे बाबांना पाहवलं नाही. बाबांच्या लेखी तीही एक वारीच होती.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं झालं. पुढं १९४९ साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. निवाऱ्याच्या जागी मुलांचं वसतिगृह झालं. बत्तीस वर्षांपूर्वी आपल्या घामानं उभं केलेलं देताना हात मागं आला नाही. जी वास्तू आपली म्हणून बांधलीच नव्हती, ती देताना दुःख कशाचं?

खारेपाटणची रात्र

सगळ्यात मोठी कसोटी १९२३ साली लागली. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. समोर माणसं बसलेली. तेवढ्यात निरोप आला. मुलगा गोविंद कुत्रं चावल्यानं गेला. तरणाबांड होऊ घातलेला मुलगा.

कीर्तन थांबलं नाही. जगात रोज कितीतरी आईबापांची लेकरं जातात, त्यात आपलं एक, असा काहीसा हिशेब त्यांनी मनाशी मांडला आणि टाळ पुन्हा वाजू लागले.

हे वाचून कुणी म्हणेल, काळीज दगडाचं होतं. पण दगडाच्या काळजाचा माणूस कुष्ठरोग्यांना स्वतःच्या हातानं आंघोळ घालत नाही. फुटपाथवरची बाई पाहून धर्मशाळा बांधत नाही. दुःख नव्हतं असं नाही. आपलं दुःख समोरच्या शेकडो माणसांच्या मध्ये येऊन बसू नये, एवढंच त्यांनी पाहिलं. सगळ्यांना हे जमणार नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर त्यानं रडावं, मोकळं व्हावं. त्याला गाडगेबाबांचं उदाहरण सांगून गप्प करायला कुणी जाऊ नये. बाबांनी हा नियम स्वतःला लावला होता. दुसऱ्याचं लेकरू गेलं तर ते त्याच्या दारात जाऊन बसले असते, उपदेश करायला नव्हे.

आणखी एक सांगायला हवं. कष्ट हसत सोसणारे बाबा नेहमी गोड गोडच बोलत, असं समजू नका. कुणी पाया पडायला वाकलं की काठी उगारत. देवाच्या नावानं गरिबाला लुबाडणाऱ्यावर कीर्तनात असे आसूड ओढत, की तो पुन्हा समोर यायला धजत नसे. मन प्रसन्न ठेवायचं म्हणजे अन्यायाकडं डोळेझाक करायची, हा अर्थ त्यांनी कधीच घेतला नाही.

शेवटचा प्रवास

८ फेब्रुवारी १९५२ रोजी कामाची घडी नीट बसावी म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. तोवर शरीर थकलं होतं. मधुमेहानं पोखरलं होतं. तरी खराटा आणि कीर्तन सुटलं नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. मिळालं तर जरूर ऐका. आवाज म्हाताऱ्याचा आहे, पण त्यात कुठं दमल्याची तक्रार नाही.

६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. वय ८०. समाधी अमरावतीला आहे. मागं ठेवलेलं सामान म्हणजे गाडगं, काठी आणि चिंध्या. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांच्याच नावानं चालते.

आपल्या दिंडीनं काय घ्यावं

माउली, शंभर वर्षं दिंडी चालवणं हे काही लहान काम नाही. दुष्काळ आले, साथी आल्या, तरी आपल्या जुन्या माणसांनी पताका खाली ठेवली नाही. पुढची शंभर वर्षं चालायचं तर पैसा लागेल, माणसं लागतील, पण त्याहून जास्त बाबांचा तो दुहेरी नियम लागेल.

आपल्या वाट्याला जे येईल त्याची कुरकुर नको. राहुटीत जागा अडचणीची मिळाली, पंगतीत शेवटी बसावं लागलं, भाजीत मीठ कमी पडलं, तर हसून घ्यावं. पण शेजारच्या म्हातारीच्या अंगावर पाणी गळत असेल, कुणा बाईला आडोशाची सोय नसेल, नव्या आलेल्या पोराच्या टाचा फुटल्या असतील, तर तिथं वारीत एवढं चालायचंच, हे वाक्य आपल्या तोंडून येऊ नये. तिथं उठावं आणि सोय करावी. ज्या दिंडीत विणेकऱ्यापासून स्वयंपाकाच्या माउलीपर्यंत सगळे असं वागतात, ती दिंडी मोडत नाही.

आणि तळ हलताना, गाडी भरून झाल्यावर, आपल्यापैकी दहाजणांनी मागं थांबून ती जागा झाडून काढावी. पत्रावळी, कागद, प्लास्टिक उचलावं. ज्या शेतकऱ्यानं आपलं रान मुक्कामाला दिलं, त्याला ते रान दिलं होतं तसं परत मिळावं. हा ठराव शताब्दीच्या वर्षात करायला काहीच खर्च नाही. खराटे तेवढे आणावे लागतील.

रामकृष्णहरी.